एकशेचाळीस दगड

गोदीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो पोलादाचे पत्रे उचलायचा आणि जिथे सांगाल तिथे, गवंड्याच्या ओळंब्यासारखे सरळ, तसूभरही न हलवता खाली उतरवायचा. हे नाव त्याला मनापासून आवडायचं. पाठीमागे लोक त्याला आणखी एका नावानं ओळखत, ते म्हणजे ‘पण का’. ते नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं तो दाखवायचा, आणि ते कुणी पाडलं असावं याबद्दल त्याचा तिघांवर संशय होता.

सव्वीस वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं दोर चाचपल्याशिवाय एकही वजन उचललं नव्हतं. क्रेनवर हा गुणच म्हणायचा. पण कामाचे कपडे खुंटीला लावताना हा गुणही तिथेच टांगून घरी यावं, ते त्याला कधी जमलं नाही. दुकानदारानं हसून ‘या’ म्हटलं की हा आधी काट्याकडे बघायचा. डॉक्टरनं ‘काळजीचं कारण नाही’ म्हटलं की तिथून याची काळजी सुरू व्हायची. ‘संशयाला औषध नाही असं ज्यानं कुणी म्हटलं,’ त्याची बायको म्हणायची, ‘तो आधी आमच्या घरी जेवून गेला असणार.’

सात महिन्यांपूर्वी क्रेनच्या शिडीवरून उतरताना, खालून दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला आणि डावं कोपर अंगाखाली सापडलं. हाड जुळलं, पण आतली नस रुसून बसली. डाव्या हाताची बोटं सांगितलेलं ऐकायची, पण उशिरा, आणि उपकार केल्यासारखी. क्रेनवर उजव्या हाताच्या दांड्यानं वजन वर-खाली होतं आणि डाव्या हाताच्या दांड्यानं ते आडवं फिरतं. डावा हात उशिरा थांबला तर वजन थांबत नाही, आणि खाली माणसं असतात. म्हणून गोदीनं त्याला घरी बसवलं होतं. व्यायामवाल्या बाईंची सही आणली तरच पुन्हा वर चढायचं.

बाईंची व्यायामाची खोली गोदीच्या फाटकासमोर, एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. भिंतीला लाकडी दांडे, कोपऱ्यात रबराचे पट्टे, खिडकीतून गोदीच्या भिंतीपलीकडे त्याच्याच क्रेनचं टोक दिसायचं. आणि टीव्हीखाली एक करड्या रंगाचं गेमचं यंत्र, कंपनीनं बनवायचं बंद करून चौदा वर्षं झालेलं. त्यात बाईंकडे एकच खेळ होता. एक पाणमांजर नदीतल्या दगडांवरून उड्या मारत जातं. दगड डावीकडे दिसला की डावं बटण, उजवीकडे दिसला की उजवं. नदीचा वेग वाढत जातो, आणि एक बटण चुकलं की पाणमांजर पाण्यात.

हा पोरखेळ गोदीत फार मानाचा होता. हात दुखावलेला जो जो माणूस सलग तीन दिवस एकशेचाळीस दगड ओलांडून कामावर परतला, त्याच्या हातून पुढे काही विपरीत घडलं नाही, असं बाईंच्या वहीत बारा वर्षांचं लिहिलेलं होतं. गोदीचा डॉक्टर त्या वहीपलीकडे काही विचारत नसे. ‘किती दगड झाले?’ असं लोक रस्त्यात थांबवून विचारायचे.

रोजचा सराव वीस मिनिटांचा, असं बाई म्हणायच्या. घड्याळ मात्र त्या बघत नसत. खेळात एक गाणं सतत वाजत राहायचं, पाव्यानं सुरू होणारं आणि घंटेच्या एका ठोक्यानं संपणारं. ठोका पडला की बाई दुसऱ्या कुणाचा तरी हात वाकवता वाकवता भिंतीवरच्या तारेतला एक मणी सरकवायच्या. वीस मणी झाले की उठा. ओळंब्याला दुसऱ्याच आठवड्यात शंका आली आणि त्यानं समोरच्या घड्याळावर ताळा केला. खिशातल्या डायरीत त्यानं लिहून ठेवलं: ‘बाई म्हणतात वीस मिनिटं. देतात सोळा. गाणं अठ्ठेचाळीस सेकंदांचं, वीस वेळा. चार मिनिटं कुठे जातात?’ बाईंना त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. पुरावा जमा करायचा आणि गप्प बसायचं, ही त्याची पद्धत होती.

तो एकशेएकतीस दगडांवर आला आणि दुसऱ्या दिवशी ते यंत्र मेलं. टक्क असा आवाज झाला, पडदा निळा झाला, संपलं.

‘आजच बरं मेलं,’ ओळंबा म्हणाला.

‘म्हणजे?’ बाई म्हणाल्या.

‘काही नाही.’

दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. भागच मिळत नाहीत म्हणाला. जुन्या बाजारातून बाईंनी एक यंत्र आणलं, ते चालूच झालं नाही. दुसरं आणलं, त्याला खेळाची चकतीच वाचता येईना. मग ओळंब्याच्या बायकोनं, कुणी न विचारता, आपल्या जावयाचं नाव पुढे केलं. जावई एका शाळेतले संगणक सांभाळायचा. तो म्हणाला, त्यात काय, संगणकालाच त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावता येतं. तसं सॉफ्टवेअर असतं, एम्युलेटर म्हणतात. खेळ आपल्याच चकतीवरून वाचून घ्यायचा, बटणंही जुनीच जोडायची.

ओळंब्याला हे नाव नको होतं. कारण गेल्याच महिन्यात, पाणी प्यायला उठला असताना, त्यानं मुक्कामाला आलेल्या लेकीला स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोलताना ऐकलं होतं. ‘बाबांना आता वर चढू द्यायचं नाही, काहीही झालं तरी,’ ती म्हणत होती. आणि जावई काही बोलला नव्हता. त्या न बोलण्याचा ओळंब्यानं महिनाभर अर्थ लावला होता, आणि दर वेळी तो आणखी वाईट निघाला होता. आता त्याच माणसाच्या हातात नदी द्यायची म्हणजे कोल्ह्याला द्राक्षांचा मळा राखायला देण्यातला प्रकार.

शनिवारी सकाळी जावई बाईंच्या खोलीत आला तो एक नव्हे, तीन एम्युलेटर घेऊन.

‘तीन कशाला?’ ओळंब्यानं विचारलं.

‘निवडायला, बाबा. सगळे सारखे नसतात. हा पहिला हलका आहे, कुठल्याही संगणकावर पळतो, मोबाइलवरसुद्धा. दुसरा चित्रं घासूनपुसून छान दाखवतो, पण बटण दाबलेलं किंचित उशिरा ऐकतो. आणि हा तिसरा किचकट. जुन्या यंत्राचा एकेक भाग जसा वागायचा तसाच वागवतो. त्याला माझा जड संगणक लागेल. आणि सुरू व्हायच्या आधी हा हजार चौकश्या करतो. चकती कुठली, यंत्र कुठल्या तऱ्हेचं, टीव्ही कसला.’

‘अगदी तुमचा जुळा भाऊ,’ बाई ओळंब्याला म्हणाल्या आणि हसल्या. ओळंबा हसला नाही. जावयानं तिसऱ्याचं नाव घेताना आवाज जरा मऊ केला होता, हे त्याच्या कानानं टिपलं होतं.

पहिल्यावर ओळंब्याचे एकशेअठ्ठेचाळीस दगड झाले. त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. डावं बोट मागच्या आठवड्यापेक्षा कितीतरी हुशार झालं होतं. दुसऱ्यावर एकशेनऊ. तिसऱ्यावर एकशेबावीस.

‘माझं मत विचाराल तर तिसरा,’ जावई म्हणाला. ‘पहिला मला जरा रेंगाळल्यासारखा वाटतोय.’

झालं. महिनाभर दाबून ठेवलेली वाफ झाकण उडवून बाहेर आली.

‘रेंगाळतो? माझा आकडा वर गेला की तो रेंगाळतो, आणि मी पाण्यात पडलो की तो बरोबर! वा जावईबापू! तुम्हाला काय वाटलं, मला काही कळत नाही? घरात कोण काय बोलतं ते भिंतींना ऐकू येतं, तसं मलाही येतं.’

जावयाचे कान लाल झाले. ‘मी फक्त वाटलं ते सांगितलं, बाबा.’

‘कुणाला वाटलं ते सांगितलंत, तेही मला ठाऊक आहे.’

बाईंना या घरगुती लढाईत पडायचं नव्हतं. ताडून बघायला जुनं यंत्र जिवंत नव्हतं. खेळ तोच, दगड तेच, पाणमांजर तेच. पहिला एम्युलेटर त्यांच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर एका बोटात सुरू होत होता. त्यांनी तोच ठेवला. जावई सामान आवरू लागला. जाता जाता घरी डोकावून त्यानं एक लॅपटॉप सासूबाईंकडे दिला आणि सांगितलं, यात तिन्ही घालून ठेवलेत, बाबांना घरी सराव करायचा असेल तर करू देत. ओळंब्यानं तो लॅपटॉप कपाटावर उचलून ठेवला आणि त्याच्यावर वर्तमानपत्र टाकलं. न मागता मिळालेली वस्तू तो सहसा उघडत नसे.

सोमवारी एकशेएक्कावन्न. मंगळवारी एकशेएकोणपन्नास. दोन दिवस झाले, बुधवार उरला. बाईंनी सहीचा कागद काढून वहीत घालून ठेवला. आकडा आपल्या बाजूनं झुकला की काटा कोण तपासतो? सव्वीस वर्षं दोर चाचपणाऱ्या या माणसानंही तपासला नाही. त्याला फक्त आनंद झाला होता, आणि आनंदाची त्याला सवय नव्हती.

मंगळवारी विसावा मणी सरकला, तो उठला आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं. बसला होता दहा वाजून पाच मिनिटांनी. आता दहा चोवीस होऊन वर थोडं झालं होतं. म्हणजे एकोणीस मिनिटं.

तो जिना उतरून औषधाच्या दुकानासमोर उभा राहिला आणि विचार करायला लागला. सोळा देणारी बाई एकोणीस का देते? इतके महिने चार चार मिनिटं खाल्ली, आणि आता सहीच्या तोंडावर एवढी उदार? जास्त दमवून उद्या पाडायचा डाव आहे? की जावयानं काही कानात सांगितलंय? की आपली कीव येऊ लागली आहे? पाणी कुठेतरी मुरत होतं. पण मणी तर त्यानं स्वतः मोजले होते, वीसच होते. बाईंनी एकही जास्त दिला नव्हता. मग जास्तीचा वेळ आला कुठून? हा प्रश्न त्याला कोपऱ्यापर्यंत पुरला, आणि कोपऱ्यावर त्याचं उत्तर आलं. त्याचे पाय तिथेच थांबले. मागून येणारी सायकल घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेली, ती त्याला ऐकूसुद्धा आली नाही.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप खाली काढला.

‘अगं, तुझं घड्याळ घेऊन ये. सेकंदकाट्याचं.’

‘आता कुणाला पकडायचंय?’ बायको हात पुसत आली.

‘पावा वाजला की सुरुवात, घंटा पडली की मला सांग. मध्ये बोलू नकोस.’

पहिला एम्युलेटर. जेवणाच्या टेबलावर नदी वाहू लागली, पावा वाजला, दोघं माना खाली घालून बसले. घंटा पडली. ‘अठ्ठावन्न,’ बायको म्हणाली. पुन्हा लावलं. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा लावलं. ‘किती वेळा विचारणार? अठ्ठावन्न आहे, घड्याळाला काय माझी फूस आहे?’

मग तिसरा एम्युलेटर. लॅपटॉप धापा टाकायला लागला, त्यानं सतरा गोष्टी विचारल्या, ओळंब्यानं चष्मा लावून एकेकीचं उत्तर दिलं. पावा. घंटा.

‘अठ्ठेचाळीस.’

ओळंब्यानं खिशातून डायरी काढली. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यातलं पान उघडलं. बाईंना पकडण्यासाठी लिहिलेलं ते पान त्यानं दोनदा वाचलं. सूर तेच होते, पावा तोच होता, म्हणून कानाला कळलं नव्हतं. पण पहिल्यात सगळी नदीच दर गाण्यामागे दहा सेकंदं हळू वाहत होती. त्याचं बोट हुशार झालं नव्हतं. पाणी संथ झालं होतं.

‘मग?’ बायकोनं विचारलं. ‘सापडला का चोर?’

‘नाही,’ तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला कुणाचा ना कुणाचा दोष सापडला नाही असं एकदाही झालं नव्हतं. मग उठून तिनं कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी खलाशी आला. खलाशी म्हणजे वजनाला खालून साखळ्या अडकवणारा माणूस. ओळंबा वर, हा खाली, अशी त्यांची बावीस वर्षांची जोडी होती. त्याच्या बगलेत एक निळी उशी होती, धुतलेली, उन्हात वाळवलेली. ओळंब्याच्या केबिनमधल्या खुर्चीवरची.

‘नव्या माणसाला बसू दिलं नाही हिच्यावर,’ खलाशी म्हणाला. ‘पहिल्याच दिवशी काढून घरी नेली. आता उद्या सही झाली की घेऊनच वर चढ.’

‘नवा कसा आहे?’ ओळंब्यानं विचारलं.

‘वाईट नाही. पण माझी मान गेली बघ.’ खलाशानं मानेवर हात फिरवला. ‘सात महिने सारखं वर बघायचं. साखळी लावायची आणि वर बघायचं, पत्रा सुटला की वर बघायचं. तू असलास की मी कधी मान वर केली? सांग. बावीस वर्षांत एकदा तरी?’

‘नाही,’ ओळंबा म्हणाला.

‘मग! ये बाबा लवकर. मानेला तेल लावून लावून बायको कंटाळली.’

तो हसत हसत गेला. ओळंबा उशी मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती कुणाच्या डावपेचाची नव्हती. हे गुपित जगात एकट्या त्याच्यापाशी होतं. बाईंना माहीत नव्हतं, जावयाला नुसता अंदाज होता, आणि त्या अंदाजाचं तोंड त्यानंच बंद केलं होतं. उद्या तो फक्त गप्प बसला की झालं. एका गाण्यामागे दहा सेकंदं म्हणजे काय मोठंसं? हात रोज सुधारतोच आहे. महिन्याभरात खऱ्या नदीवरही एकशेचाळीस होतील. वर चढलं की हात आपोआप मोकळा होईल. अशी एकामागून एक कारणं येत गेली आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. इतकी चांगली कारणं दुसऱ्या कुणी दिली असती तर ओळंब्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

बायकोनं ताट वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले.

‘घड्याळात दोन वेगळे आकडे आले,’ ती म्हणाली. ‘मला सगळं कळत नाही. पण ज्यात तुम्ही जिंकता तो आकडा खोटा, एवढं कळलं.’

‘हं.’

‘उद्या मी येऊ का बरोबर?’

‘नको.’

बुधवारी सकाळी तो उशी घेऊनच निघाला. ती घरी ठेवायला त्याला जागा सापडली नाही. खलाशी फाटकाबाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभाच होता. पाळी सुरू व्हायला अवकाश होता. ‘मी इथेच थांबतो,’ तो म्हणाला. वर खोलीत जावई आलेला होता, न लागणारे दोन एम्युलेटर काढून टाकायला आणि शनिवारी इथेच राहिलेला आपला जड संगणक न्यायला. त्यानं सासऱ्याला बघून मान लववली. ओळंब्यानं उशी खिडकीत ठेवली. खिडकीबाहेर क्रेन वळत होती, जरा हिसका देत. नवा माणूस लवकर चढला होता.

ओळंबा बसला. पावा वाजला, दगड येऊ लागले. त्याला आता ते इतके सावकाश येताना दिसत होते की आपण हे आधी पाहिलं कसं नाही, याची त्याला लाज वाटली. एकशेचाळीसावा दगड आला, गेला. एकशेसत्तेचाळीसला पाणमांजर पडलं. बाईंनी टाळी वाजवली आणि वहीतून कागद काढला.

‘बाई,’ ओळंबा म्हणाला, ‘सही करू नका.’

‘का?’

‘घड्याळ लावा. हे गाणं किती वेळ वाजतं ते मोजा.’

बाईंना आधी वाटलं, आता माझ्यावर कसला तरी आरोप येणार. त्याची डायरी त्यांना ठाऊक होती. सगळ्यांनाच ठाऊक होती. पण त्यांनी मोजलं. जावयानंही आपल्या मनगटावर मोजलं. अठ्ठावन्न. मग ओळंब्यानं डायरीचं ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. ‘तुम्ही मिनिटं खाता असं मला वाटायचं, म्हणून लिहिलं होतं,’ तो म्हणाला. ‘मेलेल्या यंत्राचं माप आहे हे. अठ्ठेचाळीस.’

बाईंनी पान वाचलं. ‘मी मिनिटं खाते?’ त्या म्हणाल्या, पण त्यांना रागवायलाही वेळ नव्हता. त्या घाईघाईनं वही चाळू लागल्या. शनिवारपासून या संगणकावर आणखी दोघं बसले होते. दोघंही शंभराच्या आत होते. त्यांनी श्वास सोडला.

जावई स्क्रीनवरच्या याद्या उघडत होता. ‘सापडलं,’ तो म्हणाला. ‘हे यंत्र पूर्वी दोन तऱ्हांचं विकलं जायचं. एकाचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं, दुसऱ्याचं पन्नास. आपलं साठचं होतं. या पहिल्यानं कुणाला न विचारताच पन्नास धरून टाकलं. तिसरा विचारतो ना, कुठल्या तऱ्हेचं म्हणून, ते यासाठीच.’

‘मग जो आधी विचारतो तो ठेवा,’ ओळंबा म्हणाला. थोडं थांबून तो जावयाकडे वळला. ‘तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात. रेंगाळतो म्हणून.’

‘म्हणालो होतो.’

‘मी ऐकलं नाही.’

‘नाही ऐकलंत,’ जावई म्हणाला. मग, मान खाली घालून, ‘पण बाबा, तुमचाही संशय अगदीच खोटा नव्हता. तुम्ही वर चढू नये असं घरात म्हणतात. मलाही पुष्कळदा तसं वाटतं. पण त्यासाठी मी नदी हलवणार नाही.’

ओळंब्यानं त्याच्याकडे नीट बघितलं, काटा बघतात तसं. आणि पहिल्यांदाच त्याला तिथे काही कमी-जास्त दिसलं नाही.

जावयानं आपला जड संगणक जोडला. त्याच्या सगळ्या चौकश्यांची उत्तरं दिली. तिसऱ्या एम्युलेटरची नदी सुरू झाली, तीच जुनी, धावती. ओळंब्यानं जीव तोडून बटणं दाबली. एकशेचोवीस. बाईंनी आकडा वहीत लिहिला, शनिवारपासूनचे त्याचे जुने आकडे एका रेघेनं खोडले आणि सहीचा कागद खणात ठेवून दिला. ‘उद्या दहा वाजता,’ त्या म्हणाल्या. ‘आणि यापुढे घड्याळावर वीस मिनिटं. मणी बंद.’

तो उशी घेऊन जिना उतरला. खलाशी खालीच होता. त्यानं ओळंब्याच्या हातात कागद शोधला, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

‘झाली सही?’

‘नाही. एकशेचोवीस.’

‘अरे! काल तर एकोणपन्नास म्हणत होतास.’

‘तो आकडा खोटा होता. मला काल दुपारी कळलं. तू उशी घेऊन आलास तेव्हा मला माहीत होतं.’

खलाशानं मानेवरून हात फिरवला. भिंतीपलीकडे भोंगा वाजला. पाळी सुरू व्हायला पाच मिनिटं होती. ओळंब्यानं निळी उशी त्याच्या हातात दिली.

‘ही नव्या माणसाला दे. त्यालाही कंबर आहे.’

‘आणि तू?’

‘येईन. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी. किंवा नाहीही येणार.’ त्याचा आवाज जरासा फाटला आणि त्यानं तो फाटू दिला. ‘पण आलो ना, तरी साखळी लावलीस की मान वर करत जा.’

खलाशी हसायला लागला. ‘आता तुझ्यावरसुद्धा संशय घेऊ?’

‘आधी माझ्यावर घे,’ ओळंबा म्हणाला.